आमच्या राजाचं दुसरं लग्न

आमच्या बैठकीच्या खोलीत दिवसभर एक भुर्रभुर्र आवाज चाललेला असे. नवीन पाहुण्याला वाटे, मागच्या खोलीत कुणीतरी जातं ओढतंय. तो आवाज माशांच्या काचेच्या पेटीत हवा सोडणाऱ्या पंपाचा होता. वीज गेली की तो थांबे, आणि मग घरात ज्याचे हात रिकामे असतील त्याने सायकलचा पंप घेऊन पेटीशेजारी बसायचं, असा आबांचा म्हणजे माझ्या वडिलांचा हुकूम होता. फलटणच्या अलीकडे आमच्या गावात तेव्हा वीज असण्यापेक्षा नसण्याचेच तास जास्त. त्यामुळे माझा कॉलेजचा अभ्यास बहुतेक मांडीवर पुस्तक आणि हातात सायकलचा पंप अशा अवस्थेत झाला. नापास झालो तेव्हा मी ते कारण म्हणून सांगितलंही होतं, आणि आबांना ते पटलं होतं. माशांपुढे परीक्षा म्हणजे काय!

ही पेटी एका कंत्राटदाराने आमच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला भेट दिली होती. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव बांधायचं काम त्याला आबांच्या शब्दावर मिळालं होतं. त्याने बांधलेल्या तलावात पाणी एक वर्षही थांबलं नाही. त्याने दिलेल्या काचेच्या पेटीतून मात्र थेंबभर कधी गळलं नाही. पेटीत दोन मासे होते. चतकोर भाकरीएवढे, चपटे, रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे आणि वरखाली लांब पर. एंजल नावाची ही जात जोडीने राहते, असं कंत्राटदाराने सांगितलं होतं. घरात त्यांना राजा आणि राणी म्हणत. मोठा तो राजा, लहान ती राणी, एवढंच बघून आबांनी ठरवलं होतं. आमच्या घरात मोठं कोण आणि पुरुष कोण हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच.

पेटी आल्यावर महिन्याभरात आबा विकास सोसायटीचे बिनविरोध चेअरमन झाले. विरोधात उभा राहणारा माणूस त्या पंधरवड्यात काविळीने अंथरुणाला खिळला होता, पण ते कुणी धरलं नाही. ही माशांची पुण्याई, असं आबा म्हणाले आणि गावही म्हणू लागलं. सोसायटीत काम असलेला माणूस आधी पेटीपुढे उभा राहून ‘काय तेज हाय, आबा, राजाला!’ म्हणे आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगे. एकाने तर हळदकुंकूही वाहिलं होतं, काचेवर बाहेरून.

आई मी लहान असतानाच गेली. घर चालवायची आत्या, आबांची थोरली बहीण. तिला सोळाव्या वर्षी वैधव्य आलं आणि ती परत आली ती कायमचीच. ती परत आल्यावर वर्षाभराने एका चांगल्या घरातून तिच्यासाठी विचारणा झाली होती म्हणे, माणूस बैलजोडी बाळगून होता, शांत होता. आजोबांनी सांगितलं, ‘आमच्यात पाट लावत न्हाईत.’ विधवेचं दुसरं लग्न लावणारी घरं वेगळी आणि आम्ही वेगळे. हे वाक्य आबांनीही पुढे आयुष्यभर वापरलं, इतकं अभिमानाने, की लहानपणी मला वाटे पाट म्हणजे एखादी चोरी असावी. आत्या भल्या सकाळी हुलग्याचं माडगं करी, त्याचा वास घरभर फिरे, आणि मग ती कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून माशांना घाली. सोमवारी घालत नसे. आमचे मासे सोमवार करत.

आता जे सांगायचं ते सांगतो. राणीला मी मारलं.

माझ्या मोठ्या भावाचं, जयसिंगदादाचं लग्न ठरलं. दादा फौजेत होता. मुलगी कवठे महांकाळकडची, शालन नावाची, निवृत्त हवालदाराची लेक. लग्न तिकडे झालं आणि दुसऱ्या दिवशी वरात आमच्या गावात यायची होती. मी वरातीआधीच पुढे निघून आलो होतो, कारण पेटी स्वच्छ करायचं काम माझ्याकडे होतं. मी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे घरातला मत्स्यतज्ज्ञ मी. प्रत्यक्षात मी आयुष्यात एक बेडूक फाडला होता, तोही दोनदा, दुसऱ्यांदा पास होण्यासाठी. त्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याचा माणूस आमच्या विहिरीत पावडर टाकून गेला. दुष्काळाचं साल होतं, पाणी तळाला गेलं होतं, साथीची भीती होती. जाताना त्याने मलाच बजावलं, ‘दोन दिवस हे पाणी माशाबिशाला वापरू नका.’ मी ‘बरं’ म्हणालो. दुपारी वरात वेशीवर आल्याचा हाकारा झाला, ओसरीवर नात्यातल्या मुली जमल्या होत्या, त्यांच्यादेखत मी बाही सरसावून पेटी उपसली आणि त्याच विहिरीच्या सहा कळशा ओतल्या. पाणी काचेसारखं निवळ दिसत होतं. मुलींनी ‘अय्या’ म्हटलं. त्या ‘अय्या’साठी मी हे केलं, हे लिहायला मला तीस वर्षं लागली.

संध्याकाळीच दोन्ही मासे वर येऊन तोंडं वासत होते. मला कारण कळलं. मी कुणाला बोललो नाही, नुसता सायकलचा पंप मारत बसलो. लोकांना वाटलं, पोरगं किती काळजीचं.

सकाळी घरात सगळ्यात आधी नवी नवरी उठली. सासरची पहिली सकाळ म्हणून तिने कुणी न सांगता बैठक झाडायला घेतली. पेटीपाशी आली आणि आत्याला हाक मारली, ‘आवं आत्याबाई, ह्यो मासा उताणा झालाय.’

एवढाच तिचा गुन्हा. मेलेला मासा सगळ्यांत आधी तिने पाहिला आणि सांगितला. आत्याने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा नवरीच्या पायांकडे पाहिलं. पायांवर अजून लग्नाचं कुंकू होतं. ‘पांढऱ्या पायाची हाय,’ आत्या म्हणाली. हळू म्हणाली, पण आमच्या घरात हळू बोललेलं आधी ऐकू जाई. दुपारपर्यंत ते गावात होतं. आठ दिवसांत सोसायटीच्या दोन सभासदांनी आबांविरुद्ध अर्ज केला, आणि मग काही शंकाच उरली नाही. दादाची रजा संपून तो गेला, तसं वहिनीला ‘चार दिवस म्हायेराला जाऊन या’ म्हणून जीपमध्ये बसवलं. चार दिवसांचे दोन महिने झाले. दादाचं पत्र यायचं, ‘घरातील सर्वांस नमस्कार. मासा कसा आहे? बाकी आबा ठरवतील तसे.’ दादाने सीमेवर बंदूक धरली होती, पण आबांपुढे त्याचा हात कधी वर झाला नाही. माझा झाला होता अशातला भाग नाही.

आत्या दोन स्थळं बघूनही ठेवत होती, दादासाठी. आधी मात्र राजाचं बघायचं ठरलं. तो एका कोपऱ्यात उभा असे, खात नसे. ‘एकलं ऱ्हाऊन झुरतंय बाई ते,’ आत्या म्हणे. ‘बाप्यानं कवा एकलं ऱ्हायाचं असतं व्हय? दुसरी करा त्याला.’ आबांना ते लगेच पटलं. चेअरमनपदाच्या दृष्टीनेही जोडी असणं बरं. त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर निकाल दिला, ‘राजाची जोडी जमली, तर घराचा दोष गेला म्हणायचं. मग सुनंला आणू. न्हाई जमली, तर जयसिंगाला रजेवर आला की दुसरी बघायची.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘इलास, तू ह्यातला शिकल्याला. जा, चांगली मादी घिऊन ये.’

मी स्वतः आता सासरा झालो आहे. माझी सून पुण्यात नोकरी करते, मला नावाने हाक मारत नाही एवढंच, बाकी सगळं ऐकवते. तिला मी हा निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘आणि तुम्ही सगळे ऐकून घेतलंत?’ मी म्हणालो, ‘मी एकटाच खरं जाणत होतो.’ ती म्हणाली, ‘मग तर जास्तच.’

मासे कुठे मिळतात हे मला ठाऊक होतं. लग्नाचे फोटो काढायला सांगलीहून मल्लाप्पा नावाचा फोटोग्राफर आला होता. त्याच्या स्टुडिओत माशांची मोठी पेटी आहे आणि जोडप्यांना तो तिच्याशेजारी उभं करतो, असं तो मांडवात सांगत होता. मी सांगलीला त्याच्याकडे गेलो. त्याने आधी लग्नाच्या फोटोंचं पाकीट पुढे ठेवलं. ‘दोन म्हैने झालं, कोण न्यायलाच येईना. पोरीच्या घरी द्या की.’ पाकिटात वरचाच फोटो वहिनीचा होता. मुंडावळ्यांच्या आड हसू दाबून धरलेलं. मी मासा परतीच्या वेळी नेतो म्हणालो आणि कवठे महांकाळची गाडी धरली.

वहिनीच्या माहेरी कुलूप नव्हतं पण माणूसही नव्हतं. सगळी रांगेत होती. टँकर येणार होता, आणि शाळेच्या भिंतीलगत घागरींची ओळ लागली होती, माणसं सावली धरून बसली होती. वहिनीने मला पाहिलं आणि पदर सावरून उभी राहिली. तिचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, घागरीवरच बसले होते. बर्फात दोन बोटं गमावून आलेला माणूस, पाठ अजून कवायतीतल्यासारखी.

‘या पावणं,’ ते म्हणाले. ‘मासा काय म्हनतोय?’

मी पाकीट या हातातून त्या हातात घेतलं.

‘न्हाई, आमी आपलं इचारतो. फौजेत कोर्ट मार्शल असतंय, त्यात बी आरोपीला चार शब्द बोलू देत्यात. तुमच्यात मासाच फिर्यादी, मासाच पंच.’

‘तात्या, गप बसा वो,’ वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, ‘भावजी, त्या पेटीला पाणी किती लागतं?’

‘सहा कळशा.’

‘कितीदा?’

‘पंधरा दिवसांनी.’

तिने रांगेकडे पाहिलं. पलीकडे एक म्हातारी तांब्या घेऊन बसली होती, तिला घागर उचलत नसावी. तिचं ते पाहणं मला तात्यांच्या बोलण्याहून लागलं. तिथेच, उन्हात उभा राहून, मी तिला सगळं सांगितलं. पावडरवाल्या माणसाचं बजावणं, सहा कळशा, मुलींचं ‘अय्या’सुद्धा. तात्या घागरीवरून उठले. मला वाटलं मारतात. ते नुसते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

वहिनीने आपली घागर भिंतीला सरकवली. मग म्हणाली, ‘म्हंजी मी काय केलं न्हाई.’

‘नाही.’

‘मला कवा कवा वाटायला लागलं हुतं, का आपल्याच हातनं काय झालं आसंल. केर काढताना केरसुनी लागली आसंल काचंला. ध्येनात न्हाई ऱ्हायलं आसंल.’

मी तिला म्हणालो, मी आबांना पत्र लिहितो. तिने मान हलवली. ‘चिठ्ठी न्हाई आन निरोप न्हाई. आबांच्या म्होरं, बैठकीत, माणसं बसल्याली असताना सांगा. त्येवडं करा. मग जीप आली तर मी बसंन. त्याबिगर न्हाई, मग तुमचा मासा बारा लेकरांचा बाप हू दे.’

तेवढ्यात टँकर आला आणि रांग उठली. मी फोटोंचं पाकीट तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, बंडीच्या आत ठेवलं.

परत सांगलीला आलो, तर मल्लाप्पाने मासा आधीच अॅल्युमिनियमच्या कडीच्या डब्यात काढून ठेवला होता. जोडी लावण्याची रीत त्याने मला समोर बसवून शिकवली. पेटीच्या मधोमध काच उभी करायची. एका बाजूला जुना, एका बाजूला नवी. दोघांना एकाच वेळी खायला घालायचं. ‘पैले दोन-तीन दिवस काचेवर धडका देत्यात, चावाय बघत्यात. घाबरायचं न्हाई. मग एक दिवस दोगं बी काचेला समोरासमोर येऊन अंग थरथरवत्यात. थरथरलं की काच काढायची. त्याच्या आदी काढली तर एक मरतोय.’ मग हसून म्हणाला, ‘नवी जोडपी फोटोला उभी ऱ्हात्यात न्हवं, मधी एक वीत जागा सोडून, तसंच.’

‘ही मादीच आहे ना?’ मी विचारलं.

‘पावणं, ह्या माशाचं नर का मादी ते अंडी घातल्यावरच कळतंय. मी देताना मादी म्हणून देतो. घेणारा खुश, मी बी खुश.’

डब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून मी एस.टी.त बसलो. कंडक्टरने विचारलं, ‘डब्यात काय?’ ‘मासा.’ ‘जिता?’ ‘हो.’ ‘मग खाली ठिऊ नगा, धक्क्यानं मरंल. मांडीवर घ्या. कुठं निघालाय त्यो?’ माझ्या तोंडून गेलं, ‘लग्नाला.’ गाडीतली सगळी माणसं साताऱ्यापर्यंत माझ्याकडे प्रेमाने बघत होती, वेड्याकडे बघावं तशी.

घरी पोचलो तेव्हा बैठक भरलेली होती. शाळेचे हेडमास्तर, सोसायटीचे तीन-चार सभासद, दाराशी आत्या. मला वाटलं, आत्ताच, नाहीतर कधीच नाही. डबा हातात तसाच धरून मी बोलायला लागलो. पावडर, विहीर, सहा कळशा. म्हणालो, ‘वहिनीचा काही संबंध नाही. मासा माझ्या हातून मेला.’ बोलून झाल्यावर बैठकीत नुसती पंपाची भुर्रभुर्र.

आबांनी पान लावून तोंडात टाकलं. ‘इलास,’ ते म्हणाले, ‘पाणी किती माशांचं बदललं?’

‘दोन्हींचं.’

‘पाणी एक, पावडर एक. मग एकच कसा मेला?’

सभासदांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वेगळी असते. हा शब्द बैठकीत कुणाला कळला नाही, आणि मलाही त्याच्यापलीकडे काही येत नव्हतं. ‘शास्त्रच म्हंतंय,’ आबा म्हणाले, ‘दोन्ही मरायला पायजे हुतं. ज्या अर्थी एकच मेला, त्या अर्थी कारण पाण्यात न्हवतं.’ मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. तसा मी तो फार थोड्या वेळा पाहिला आहे. ‘बघा मास्तर, पोराचं मन बघा. भावजईवरचा ठपका सोताच्या अंगावर घ्यायला निगालंय.’

आत्या पदराने डोळे पुसायला लागली. ‘सोन्यासारखं पोरगं हाय माजं.’ हेडमास्तरांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात मुलांना प्रार्थनेनंतर माझं उदाहरण दिलं. मी ओरडून सांगायला हवं होतं की मी खरं बोलतोय. दुसऱ्यांदा सांगायला सुरुवातही केली. पण ते सगळे इतक्या मायेने हसत होते, आणि त्या मायेत मला इतकं बरं वाटलं, की मी थांबलो. माझ्या अपराधांत पहिला अपराध पाण्याचा. दुसरा हा, आणि हा मोठा.

मग काच उभी केली. खिडकीची जुनी काच कापून आणली, कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. नव्या मासळीचं नाव आत्याने ठेवलं धाकटी. पहिले तीन दिवस मल्लाप्पाने सांगितलं तसंच झालं. राजा काचेवर धडका द्यायचा, धाकटी शेवाळाआड लपायची. गावातली माणसं येऊन बसत, दोन्ही बाजू घेऊन बोलत. ‘जुन्याला पैलीची सय हाय.’ ‘सय कसली, धाकटीच नाकडोळ्यानं कमी हाय.’ आबा सोसायटीच्या सभेला उशिरा जाऊ लागले. पाचव्या दिवशी दुपारी दोघं काचेच्या दोन अंगांना समोरासमोर आले आणि अंग थरथरवू लागले. थंडी भरल्यासारखे. मी काच उचलली. माझ्या मनात त्या घटकेला मासे नव्हतेच. घागरींची रांग होती. एकाने दुसऱ्याला चावा घेतला असता, तर एका माणसाचं घर तिथेच मोडलं असतं, आणि ते कुणाला आश्चर्याचंही वाटलं नसतं.

त्यांनी चावा घेतला नाही. एकामागे एक पेटीभर फिरले, आणि राजाने दोन महिन्यांनी कणकेची गोळी खाल्ली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, आबा फलटणला गेले असताना, आत्या पेटीसमोर शेंगा फोडत बसली होती. मला तिने हाक मारली, ती नेहमीची हाक नव्हती. ‘इलास, हिकडं ये. ह्ये काय चाललंय बघ.’ पेटीतल्या रुंद पानावर मोत्यांसारखी बारीक अंडी एका ओळीत चिकटत चालली होती. पानावरून सावकाश पोट घासत जो मासा ती घालत होता, तो राजा होता. धाकटी त्याच्या मागोमाग जात होती, नराने जावं तशी.

मी झूलॉजीचा विद्यार्थी. मला एका क्षणात सगळं उलटं झालेलं दिसलं. राजा ही राणी होती. मेला तो नवरा होता. आणि आम्ही, गाजावाजा करून, हेडमास्तरांच्या साक्षीने, आबांच्या बैठकीत एका विधवेचा पाट लावला होता. परवा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी समुद्री माशांची पेटी पाहिली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. डॉक्टर सांगत होते, ह्या जातीत मादी मेली की तिचा नरच मादी होतो आणि दुसरा नर बघतो. मी म्हणालो, बरं झालं, कंत्राटदाराने आबांना ही जात दिली नाही.

आत्याने शेंगांची परात बाजूला सारली. तिला शिकलेलं काही नको होतं, तिने गाईगुरांची वितं काढली होती. ‘म्हंजी ही बाई हाय,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आन हिचा दाल्ला मेला हुता.’

‘हो.’

ती काचेजवळ सरकली. राजाचं, म्हणजे त्या मासळीचं, अंडी घालणं संपलं होतं, आणि दोघं मिळून परांनी अंड्यांवर पाणी वारत होती. आत्याच्या तोंडावर मला कधी न दिसलेलं काहीतरी होतं. राग नव्हता. ‘कुनाला बोलू नगंस,’ ती म्हणाली. ‘आबाला कळलं तर पेटी फोडंल.’ मग परात पुढे ओढली आणि एक शेंग फोडून ती तशीच हातात धरून बसली. ‘नांदू दे तिला.’

संध्याकाळी आबा आले. अंडी पाहून त्यांनी पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत, तसेच पेटीपाशी आले. ‘कुणी घातली?’

‘धाकटीनं,’ मी म्हणालो.

एका महिन्यात मी त्या बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. खरी सांगितली ती कुणाला पटली नाही. ही मात्र आबांनी शंकेची एक सुरकुती न आणता घेतली. गावात पेढे वाटले. दोन दिवसांनी त्या दोघांनी आपलीच अंडी खाऊन टाकली, पण तोवर जीप कवठे महांकाळला गेली होती.

वहिनी आली ती दुपारी. तात्या सोबत आले नव्हते. आत्याने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि या खेपेला त्या पायांकडे पाहताना तिची नजर क्षणभर तिथेच अडकली. मग ती खाली वाकली आणि स्वतःच्या पदराने ते पाय पुसले. आमच्या घरात सुनेचे पाय कुणी पुसत नसत. आबा खोकले आणि बाहेर गेले.

मी वहिनीची ट्रंक आत ठेवायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. ‘वहिनी, मी सांगितलं. तुम्ही म्हणालात तसंच. बैठकीत, सगळ्यांसमोर.’

‘कळलं मला. जीपवाल्यानं सांगितलं. गाव तुमाला देवमाणूस म्हंतंय.’

‘त्यांना खोटं वाटलं. मी काय करणार?’

तिने ट्रंकेचं कुलूप काढलं, लुगड्यांची घडी बाहेर ठेवली, हाताने सारखी केली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

‘तुमचं बरं हाय, भावजी,’ ती म्हणाली. ‘तुमी गुन्हा कबूल केला आन देवमाणूस झालात. मी कायच केलं न्हवतं. मला कबूल कराय बी काय न्हवतं.’

मग तिने पदर खोचला आणि रात्रीच्या भाकरीला पीठ किती लागेल ते आत्याला विचारायला गेली.